शिक्षण परिषदेचा हरवलेला तास

प्राथमिक शाळांसाठी महाराष्ट्र शासनाने १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. सुमारे दहा शाळांचे एक केंद्र, आणि त्यातील शिक्षकांची नियमित शिक्षण परिषद! कल्पना उत्तमच होती. दिंडोरीच्या पश्चिमेकडील पाड्यांवर दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे. घरी कोकणा बोलणारे मूल हातच्याच्या वजाबाकीशी का अडते, हे त्यांनी विचारावे कोणाला? शेजारच्या शाळेतील शिक्षकालाच. परंतु परिषदेचा वेळ परिपत्रके नि माहितीचे तक्ते गिळून टाकतात. साताऱ्यातील कुमठे बीटमध्ये राज्यभरातून शिक्षक लोटले, ते वर्ग पाहावयास. परिपत्रके ऐकावयास नव्हे. वाटल्याने ज्ञान घटत नाही, असे अर्थशास्त्र सांगते. वेळ मात्र घटतो. तेव्हा तक्ते आधीच मागवून घ्यावेत आणि परिषदेत निदान तासभर मुलांच्या वह्या उघडाव्यात.