बारीक कणाला बारीक बुडबुडा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या मशीनशॉपमधलं कूलंटचं पांढुरकं सांडपाणी कितीही वेळ ठेवा, त्यातले तेलाचे सूक्ष्म थेंब सहज वर येत नाहीत. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला तांब्याचं खनिज ज्या फेनतरणाने, म्हणजे बुडबुड्यांना चिकटवून वर आणून, वेगळं करतात, त्यातही अडचण हीच: 10 मायक्रॉनहून लहान कण मोठ्या बुडबुड्याला धडकतच नाहीत, प्रवाहाबरोबर वळसा घालून निसटतात. म्हणून कण एकत्र आणायचे आणि बुडबुडे लहान करायचे. कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, आधी तुरटीने तेलाचे थेंब जुळवतात. मग डीएएफ (विरघळलेल्या हवेने तरंगवणं) टाकीत 4 ते 6 बार दाबाने हवा विरघळवलेलं पाणी सोडतात. दाब सुटताच, सोड्याची बाटली उघडावी तसे, 30 ते 100 मायक्रॉनचे बुडबुडे उसळतात आणि तपकिरी तेलकट मळी वर येते. स्क्रेपर ती ओढून घेतो. दाब घसरला की बुडबुडे मोठे होतात, मळी फुटते आणि तेल पाण्यातच राहतं. म्हणून पवना-इंद्रायणी नद्यांच्या काठी या टाकीचा दाबमापक रोज बघायलाच हवा.