बाळाच्या घरी पोचलेला दवाखाना

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा दोघेही पस्तिशीच्या आसपास होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते नुकतेच परतले होते.

आदिवासींना मोठ्या इमारतीतला दवाखाना परका वाटे. म्हणून शोधग्राम या ‘सर्च’च्या आवारातला दवाखाना पाड्यावरच्या झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय केली आणि नाव दिले आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे.

तरीही तान्ही बाळे घरातच दगावत होती, तेव्हा उपचारच घरी नेले. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या.

हे काम झालेल्या ३९ गावांत आधी हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत. तीन वर्षांत ते २५ च्या घरात आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्ये या कामाचा अभ्यास छापला.

आज आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांसाठी गृहभेटी देतात, त्या योजनेचा पाया गडचिरोलीच्या याच अनुभवावर उभा आहे.