आधी करार, मग विमान!
अमिरातीत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी कोणती पावले कोणत्या क्रमाने उचलावीत?

कोकणातील खाडीकाठच्या गावांना आखाताची वाट नवी नाही. रत्नागिरी-रायगडमधील कित्येक घरांचे चिरे आखातातून आलेल्या पैशांवर चढले. आता या वाटेने अभियंते, परिचारिका, हिशेबनीस, वाहनचालक, स्वयंपाकी असे राज्याच्या सर्वच भागांतील लोक जातात. त्यांतील मोठा ओघ संयुक्त अरब अमिरातीकडे असतो. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या सात अमिरातींच्या संघराज्यात लोकसंख्येचा जवळपास नऊ-दशांश हिस्सा परदेशी नागरिकांचा असून, एकट्या भारतीयांचीच संख्या ३५ लाखांहून अधिक आहे.

परदेशी माणसाला सामावून घेण्याची व्यवस्था तेथे चांगलीच बसलेली आहे. मात्र ती सर्वस्वी कागदांवर चालते आणि या कागदांची एक उतरंड असते. नोकरीच्या परवान्यावर निवासाचा परवाना, निवासाच्या परवान्यावर ओळखपत्र आणि ओळखपत्रावर बँक खाते, घर, दूरध्वनी व कुटुंबाचा व्हिसा अवलंबून असतो. तळाचे मडके कच्चे निघाले, तर वरची सारी उतरंड कोसळते. म्हणूनच सर्वाधिक काळजी घ्यावयाची ती मायदेश सोडण्यापूर्वी.

व्हिसा कोणता, हा पहिला प्रश्न

'सध्या व्हिजिट व्हिसावर या, तेथे पोहोचल्यावर नोकरीचा व्हिसा करून देऊ', असे एजंट सांगतो तेव्हा सावध व्हावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. २०२४ मधील कायदादुरुस्तीने विनापरवाना कामगार ठेवणाऱ्या मालकाला किमान एक लाख आणि कमाल दहा लाख दिरहम दंडाची तरतूद केली. असे असले तरी पेचात सापडतो तो कामगारच. त्याच्या हाती कायदेशीर करार नसतो, वेतन बुडाले तर दाद मागणे अवघड होते आणि मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड चढू लागतो. दागिने गहाण टाकून गेलेल्या माणसाचे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कंबरडे मोडते.

नोकरीसाठी येणाऱ्याच्या नावे मालकाने आधी काम करण्याचा परवाना आणि प्रवेश-परवाना मिळवावयाचा असतो. तो हाती आल्याखेरीज राजीनामा देऊ नये आणि तिकीटही काढू नये.

एजंटाला किती पैसे द्यावेत?

भारतात परदेशी नोकऱ्यांसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी आहे. त्याची पावती अवश्य मागून घ्यावी.

दुसरीकडे, अमिरातीचा कामगार कायदा भरतीचा व नेमणुकीचा खर्च मालकावर टाकतो. तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. सबब 'व्हिसाचे दोन लाख' मागणारा माणूस एक तर बेकायदा पैसे घेत असतो किंवा त्याच्याकडे व्हिसाच नसतो.

ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद आहे, म्हणजे प्रामुख्याने जे दहावी उत्तीर्ण नाहीत, त्यांना अमिरातीत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत 'प्रवासी भारतीय बीमा योजना' काढावी लागते. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यांसाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ही परवानगी टाळण्यासाठी पर्यटक म्हणून जाणारा कामगार हे संरक्षणही गमावतो.

एकूण पगार नव्हे, मूळ वेतन पाहा

अमिरातीतील खासगी नोकऱ्यांना २०२१ चा कामगार कायदा लागू आहे. तो फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. दुबई व अबुधाबी येथील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रांचे रोजगारविषयक नियम वेगळे आहेत, तसेच घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे आपली नोकरी कोणत्या कायद्याखाली येते, हे आधी विचारून घ्यावे.

ऑफर लेटर मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात असते. त्यात अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणारी तिसरी भाषा घेता येते आणि उपलब्ध भाषांत हिंदी आहे. या पत्रात ठरलेल्या अटींपेक्षा प्रत्यक्ष करारातील अटी कमी प्रतीच्या असू नयेत, असा नियम आहे. म्हणून सही केलेली प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि एक प्रत घरी द्यावी.

पत्र वाचताना बहुतेकांची नजर एकूण पगाराच्या आकड्यावर खिळते. वास्तविक पाहावयाचे ते मूळ वेतन. कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ वेतनावर मोजली जाते. किमान एक वर्षाच्या सलग सेवेनंतर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन असा हा हिशेब आहे.

दोघांना दरमहा सहा हजार दिरहमच मिळतात, असे समजू. पहिल्याचे मूळ वेतन तीन हजार आणि उरलेले भत्ते आहेत. पाच वर्षांनी त्याला १०५ दिवसांचे, दिवसाला १०० दिरहमप्रमाणे, १० हजार ५०० दिरहम मिळतील. दुसऱ्याचे मूळ वेतन साडेचार हजार आहे. त्याला १५ हजार ७५० दिरहम मिळतील. पगार सारखाच, पण सव्वापाच हजार दिरहमांचा फरक केवळ पत्रातील एका ओळीने पडतो. ती ओळ बदलून घेण्याची वेळ सही करण्यापूर्वीचीच असते.

याखेरीज पुढील बाबी तपासून घ्याव्यात. प्रशिक्षणाचा परिवीक्षा कालावधी सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ असतात. एक वर्षाच्या सेवेनंतर वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते. राहण्याची जागा मालक देणार की भत्ता, हेही लेखी असावे.

प्रमाणपत्रांचे साक्षांकन

पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांसाठी प्रमाणपत्राचे साक्षांकन टप्प्याटप्प्याने होते. प्रथम राज्य शासनाचा संबंधित विभाग, नंतर भारताचे परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर अमिरातीचा भारतातील दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि अखेरीस अमिरातीचे परराष्ट्र मंत्रालय. कुटुंब नेण्याचा विचार असेल तर विवाहाचे व मुलांच्या जन्माचे दाखलेही याच वेळी साक्षांकित करून घ्यावेत. तेथे गेल्यावर या कामासाठी कागद मायदेशी पाठविणे खर्चाचे व विलंबाचे ठरते. पासपोर्ट, दाखले आणि विवाह नोंदणी यांवरील नावांची अक्षरे एकसारखी असावीत. आडनावातील एका अक्षराच्या फरकानेही अर्ज परत येतो.

सामान भरताना

मराठी घरातून निघणाऱ्या पिशवीत मसाला आणि फराळ असतोच. पण खसखस अमिरातीत प्रतिबंधित आहे. सुटी खसखस तर नेऊच नये, शिवाय खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला मसालाही घरीच ठेवावा. विड्याची पाने व पानाचे साहित्यही नेण्यास मनाई आहे. कोडीन, ट्रॅमॅडोल यांसारखे घटक असलेली औषधे नियंत्रित यादीत येतात. नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी आणि नियंत्रित औषधासाठी तेथील आरोग्य यंत्रणेची पूर्वपरवानगी मिळवावी. अमली पदार्थांचे कायदे तेथे अतिशय कडक आहेत. त्यामुळे दुसऱ्याने 'तेवढे पोहोचवा' म्हणून दिलेले पुडके कितीही जवळच्या माणसाचे असले तरी उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

उतरल्यानंतरचे पहिले दोन महिने

प्रवेश-परवान्यावर दाखल झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते. रक्ततपासणीत एचआयव्ही आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयरोग पाहिला जातो. आपल्याकडे आधीच तपासणी करून घेतल्यास तेथे गेल्यावर परत फिरण्याची वेळ येत नाही. तपासणीनंतर बोटांचे ठसे घेतले जातात आणि 'एमिरेट्स आयडी' मिळते. २०२२ पासून पासपोर्टवर निवासाचा शिक्का चिकटविणे बंद झाले असून हे ओळखपत्रच निवासाचा पुरावा आहे. त्यावरील १५ अंकी क्रमांक ७८४ ने सुरू होतो. दुबईत ही कामे तेथील निवास व परदेशी नागरिक विभाग पाहतो, तर इतरत्र संघराज्याचे ओळख व नागरिकत्व प्राधिकरण.

ही प्रक्रिया चालू असताना पासपोर्ट काही दिवस कार्यालयाकडे द्यावा लागू शकतो. मात्र काम झाल्यावर तो परत मागावा. कामगाराची अधिकृत कागदपत्रे ताब्यात ठेवण्यास कायद्याने मालकाला मनाई केली आहे.

वेतन 'वेतन संरक्षण प्रणाली'मार्फत बँकेत किंवा वेतन-कार्डावर जमा व्हावे, रोख पाकिटात नव्हे. बँकेतील नोंद हाच पुढे वाद झाल्यास पुरावा ठरतो. आरोग्य विमा मालकाने काढावयाचा असून, जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडील अमिरातींतही तो बंधनकारक झाला. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेकारी विम्याची नोंदणी मात्र कामगाराने स्वतः करावयाची असते. नोकरी गेल्यास त्यातून तीन महिन्यांपर्यंत मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम मिळू शकते. म्हणजे येथेही मूळ वेतनाचाच हिशेब.

घर घेताना हातात किती रक्कम हवी?

दुबईत घरभाडे वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांच्या काही धनादेशांत द्यावे लागते. वर्षाला ६० हजार दिरहम भाड्याचे, सामानाविना घर चार धनादेशांत घेतले, असे धरू. पहिला धनादेश १५ हजार, पाच टक्के अनामत तीन हजार, साधारण पाच टक्के दलाली तीन हजार आणि वीज-पाण्याची अनामत दोन हजार, म्हणजे किल्ली हाती येण्यापूर्वी २३ हजार दिरहम लागतात. त्यानंतर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क दरमहा वीजबिलातून जाते. भाडेकराराची 'इजारी'त नोंद करून घेणे आवश्यक आहे. अबुधाबीत या नोंदणीला 'तौथीक' म्हणतात.

खिशाला परवडावे म्हणून अनेकजण फळ्या टाकून पाडलेल्या खोलीत किंवा केवळ एका खाटेपुरत्या जागेत राहतात. घरमालकाच्या परवानगीविना अशी पोटभाडेकरू ठेवण्याची पद्धत बेकायदा असून, २०२५ मध्ये दुबई महापालिकेने अशा खोल्यांविरुद्ध मोहीम उघडली होती. स्वस्त जागा घेतानाही आपले नाव नोंदीत येते का, हे पाहावे.

कुटुंब कधी न्यावे?

कुटुंबाचा व्हिसा मिळण्यासाठी किमान चार हजार दिरहम वेतन, किंवा तीन हजार दिरहम आणि राहण्याची जागा, अशी अट आहे. परंतु या वेतनात घरभाडे आणि शाळेचे शुल्क भागत नाही. परिवीक्षा कालावधी संपून नोकरी पक्की झाल्यावर कुटुंब नेणे शहाणपणाचे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने मुलांचे नुकसान न होता बदल करता येतो.

मोबाइलवरही कायदा लागू

आपल्याकडे सहज घडणाऱ्या काही गोष्टी तेथे गुन्हा ठरतात. संदेशातून कोणाला शिवीगाळ करणे, परवानगीविना दुसऱ्याचे छायाचित्र काढून प्रसारित करणे आणि परवान्याविना वर्गणी गोळा करणे यांत त्यांचा समावेश होतो. गावच्या देवळासाठी किंवा आजारी मित्रासाठी समूहावर केलेले आवाहनही त्यात मोडते. वाहन उजव्या बाजूने चालते आणि भारतीय परवाना तेथे थेट बदलून मिळत नाही, चाचणी द्यावी लागते.

उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. बांधकामावर जाणाऱ्यांनी हा नियम पाठ करून ठेवावा.

तक्रार आणि परतीची वाट

वेतन थकले किंवा अटी बदलल्या, तर मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाकडे तक्रार करता येते. २०२४ पासून ५० हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर मंत्रालयच निर्णय देऊ शकते. दुबईतील 'प्रवासी भारतीय सहायता केंद्र' भारतीयांना मार्गदर्शन करते. तक्रार करण्याऐवजी काम सोडून निघून जाणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. मालकाने 'गैरहजर' म्हणून नोंद केली, तर न्याय्य बाजू असूनही कामगार गोत्यात येतो.

भारतातील नेहमीचे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे, वारसदाराचे नाव लावणे आणि घरच्यांना सर्व कागदांची माहिती देणे ही कामे निघण्यापूर्वी उरकावीत. कर्ज आणि क्रेडिट कार्ड तेथे सहज मिळते. पण थकबाकी असताना प्रवासबंदी लागू शकते आणि ती बहुधा विमानतळावरच कळते.

अमिरातीतील बहुतेकांचा मुक्काम नोकरीपुरता असतो. त्यामुळे परतीच्या दिवसाची तयारी पहिल्याच महिन्यापासून ठेवावी. वेतनाच्या नोंदी जपाव्यात, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा. निघताना भाडेकरार, वीजजोडणी, बँक खाते आणि व्हिसा रीतसर बंद करावा आणि ग्रॅच्युइटीसह हिशेब समजून घ्यावा. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत तो चुकता करणे मालकावर बंधनकारक आहे. पूर्ण रक्कम खात्यात जमा होण्यापूर्वी 'सर्व मिळाले' अशा कागदावर सही करू नये. तेथील वर्षानुवर्षांच्या घामाचे मोल अनेकदा या शेवटच्या सहीवरच ठरते.