लग्न बेकायदा, तरी पक्के?

अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. १९२९ च्या सारडा कायद्यात हे वय १४ होते. १९७८ मध्ये ते १८ झाले. मात्र २००६ च्या कायद्यात एक पळवाट राहिली. लग्न लावणाऱ्याला शिक्षा होते, पण लागलेले लग्न सहसा कायम राहते. ते रद्द व्हायला मुलीच्या बाजूने जिल्हा न्यायालयात अर्ज हवा, तोही तिला २० वर्षे पुरी होण्याआत. सासरी अडकलेल्या पोरीने मालवणहून ओरोस कसे गाठावे? शेजारच्या कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने असे लग्न मुळातच रद्द ठरवले. आपल्याकडेही तेच हवे. तोवर आयाबायांनो, साखरपुड्याआधी जन्मदाखला पाहा. शंका आली तर १०९८ वर कळवा.