एक तिजोरी, चार पॅन

आषाढ लागला की घराघरांत चातुर्मासाची तयारी सुरू होते. त्याच दिवसांत पेढीच्या मागल्या खोलीत दुसरीही एक तयारी चाललेली असते. बँकांची खातेपत्रके निघतात, दानाच्या पावत्या एका पाकिटात गोळा होतात आणि करसल्लागाराकडे निरोप जातो, ‘यंदाचे विवरणपत्र भरायचे आहे.’ बहुतेक व्यापारी कुटुंबांत ही जबाबदारी घरातील एकाच्या खांद्यावर असते. इतर जण स्वाक्षरी करतात, नाहीतर मोबाइलवर आलेला ओटीपी सांगतात. आपल्या नावावर किती कर जमा झाला आणि त्यातला किती परत मिळायला हवा, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

व्यापारी घरात तिजोरी एक असते. दुकानाचा गल्ला, आजींच्या ठेवींचे व्याज, गाळ्याचे भाडे, मुलाचा पगार हे सारे एकाच संसाराला लागते. प्राप्तिकर कायदा मात्र तिजोरी पाहत नाही, पॅन पाहतो. त्याच्या दृष्टीने आजी, वडील, मुलगा आणि अविभक्त हिंदू कुटुंब म्हणजे एचयूएफ हे चार स्वतंत्र करदाते होत. (जैन कुटुंबांनाही करकायद्यात एचयूएफची तरतूद लागू आहे.) एकाच्या नावे कापला गेलेला कर दुसऱ्याच्या विवरणपत्रात आपोआप जमा होत नाही. घरचे पैसे सरकारकडे पडून राहतात, ते बहुधा इथेच.

तीन शब्द, तीन अर्थ

वजावट, करसवलत आणि कराचे श्रेय हे तीन शब्द बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वजावट उत्पन्नातून होते. एक लाखाची वजावट मिळाली म्हणजे एक लाख रुपये वाचले असे नव्हे, तर त्या लाखावरचा कर वाचला. करसवलत, म्हणजे कलम ८७एचे रिबेट, हिशेबाने निघालेल्या करातूनच वजा होते. श्रेय ही तर सवलतही नव्हे. बँकेने व्याजातून, भाडेकरूने भाड्यातून किंवा मालकाने पगारातून कापून आपल्या पॅनवर सरकारजमा केलेली ती आपलीच रक्कम असते. टीडीएस, टीसीएस आणि स्वतः भरलेला आगाऊ कर हे तिन्ही या श्रेयात मोडतात. श्रेय देय करापेक्षा अधिक असेल, तर फरक परत मिळतो. रिबेटमुळे कर फार तर शून्य होतो, त्यातून परतावा निघत नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६च्या उत्पन्नाला जुनाच, १९६१चा कायदा लागू आहे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६पासून अमलात आला असला, तरी तो त्यापुढील उत्पन्नासाठी आहे. या वर्षाच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के आणि पुढे चढत जाऊन २४ लाखांवरील रकमेवर ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर निवासी व्यक्तीला ६० हजारांपर्यंतचे रिबेट मिळते.

आता एका सर्वसाधारण घराचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

आजींच्या ठेवी

आजींचे वय ७२. वर्षभरात एका बँकेतील ठेवींवर ६ लाख रुपये व्याज आले. ज्येष्ठ नागरिकाचे व्याज वर्षाला १ लाखापुढे गेले की बँक १० टक्के टीडीएस कापते, म्हणून ६० हजार रुपये कापले गेले. आजींचा मूळ कर ४ लाखांवरच्या २ लाखांचा, म्हणजे १० हजार. रिबेटने तोही शून्य होतो. सारांश, साठच्या साठ हजार रुपये आजींचे आहेत.

परंतु ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य ऐकून घरच्यांनी आजींचे विवरणपत्रच भरले नाही, तर ती रक्कम येणार कुठून? कर शून्य असणे आणि विवरणपत्र भरण्याची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपुढे गेले की विवरणपत्र बंधनकारक होते. रिबेटही मागावे लागते, ते विवरणपत्रातूनच. वर्षाच्या आरंभीच बँकेला १५एच अर्ज दिला असता, तर कपात टळली असती. तो अर्ज दरवर्षी आणि प्रत्येक बँकेत स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

संयुक्त ठेवींतही एक मेख आहे. टीडीएस सामान्यतः पहिल्या नावाच्या पॅनवर जमा होतो. पैसे आजींचे आणि पहिले नाव मुलाचे असेल, तर श्रेय मुलाच्या खात्यात दिसते. त्या वेळी बँकेकडे रीतसर घोषणापत्र देऊन श्रेय खऱ्या मालकाच्या पॅनवर नोंदवून घ्यावे लागते.

वडिलांचे दुकान

वडिलांची उलाढाल दीड कोटीची. त्यातील १ कोटी बँकेमार्फत आले, ५० लाख रोखीने. कलम ४४एडीच्या अनुमानित पद्धतीत बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो, म्हणजे ६ लाख अधिक ४ लाख, एकूण १० लाख. त्यावरचा ४० हजारांचा कर रिबेटने शून्य होतो.

पण वडिलांनी शेअर बाजारात १ लाखाचा अल्पकालीन नफाही मिळवला होता. त्यावर २० टक्के हा विशेष दर आहे आणि नव्या प्रणालीतील रिबेट त्याला लागू होत नाही. २० हजारांचा कर आणि ४ टक्के उपकर मिळून २०,८०० रुपये देय झाले. या नफ्यामुळे सोपे आयटीआर-४ही चालत नाही, आयटीआर-३ भरावे लागते.

आता श्रेय पाहू. मालाच्या एका मोठ्या खरेदीदाराने वर्षभरात ८० लाखांची खरेदी केली आणि ५० लाखांवरच्या रकमेवर ०.१ टक्का दराने ३ हजार रुपये कापले. शिवाय वडिलांनी १४ लाखांची मोटार घेतली. १० लाखांवरच्या मोटारीवर विक्रेता १ टक्का टीसीएस वसूल करतो. ते १४ हजार रुपये बिलात किमतीखाली छापलेले असतात आणि मोटारीच्या किमतीत जिरून गेले, असे समजून विसरले जातात. वस्तुतः ते कराचेच श्रेय आहे. एकूण १७ हजार वजा जाता वडिलांना केवळ ३,८०० रुपये भरायचे उरतात. परदेश सहलीच्या पॅकेजवर घेतला जाणारा टीसीएसही असाच मागता येतो.

मुलाचा पगार, एचयूएफचे भाडे

मुलाने वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. दोन्ही ठिकाणी मिळून १५ लाख पगार झाला. प्रत्येक मालकाने आपल्यापुरते साडेसात लाख धरले, प्रमाणित वजावट आणि रिबेट दोन्ही दिले आणि कर कापला नाही. वास्तवात ७५ हजारांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते. करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार झाल्याने रिबेटही नाही. उपकरासह कर ९७,५०० रुपये, आणि आगाऊ कर न भरल्याचे व्याज वेगळे. नव्या मालकाला पहिल्या नोकरीचा तपशील वेळीच दिला असता, तर हा भार हप्त्याहप्त्याने कापला गेला असता.

एचयूएफच्या मालकीचा गाळा दरमहा ६० हजारांनी भाड्याने दिला आहे. भाडेकरू कंपनीने ७,२०,००० रुपयांवर १० टक्के, म्हणजे ७२ हजार कापले. भाड्यातून ३० टक्क्यांची ठरीव वजावट जाऊन ५,०४,००० रुपये करपात्र राहतात. रिबेट केवळ व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. तरीही कर उपकरासह ५,४१० रुपयेच होतो आणि ६६,५९० रुपये परत मिळायला हवेत. मात्र भाडेकराराच्या वेळी कर्त्याने सवयीने स्वतःचे वैयक्तिक पॅन दिले असेल, तर ही सारी रक्कम भलत्या नावावर जाते. त्यावर उपाय एकच. कपात करणाऱ्याकडून टीडीएस विवरणात दुरुस्ती करून घ्यावी.

दानाची पावती

दान हा प्रत्येक जैन घराच्या वार्षिक हिशेबाचा भाग असतो आणि गैरसमजही इथेच अधिक. नव्या प्रणालीत कलम ८०जीची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही प्रत्येक पावती चालत नाही. विशिष्ट धर्मसमाजाच्याच लाभासाठी असलेल्या न्यासाला सामान्यतः ही मान्यता मिळत नाही. म्हणून मंदिरातील बोलीची किंवा स्वामीवात्सल्याची रक्कम बहुधा वजावटीत बसत नाही. मान्यताप्राप्त संस्थेलाही २ हजारांवरची रक्कम रोखीने दिली, तर वजावट जाते. धान्य, कपडे, औषधे अशा वस्तुरूप दानाला ती नाहीच. संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र मागून घ्यावे.

थोडे कमिशन घेऊन मोठी पावती देणारेही भेटतात. जुलै २०२५मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर कारवाई केली. चुकीची माहिती देऊन कर बुडवल्यास त्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. वजावट मिळाली नाही म्हणून खऱ्या दानाचे मोल घटत नाही. खोट्या पावतीने मात्र दान आणि सचोटी दोन्ही जातात.

भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर

प्रत्येक पॅनसाठी प्रथम फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रक एआयएस उतरवून घ्यावे आणि ते फॉर्म १६, १६ए, बँक खाती व दुकानाच्या वह्यांशी ताडून पाहावे. एआयएसमध्ये चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवावी. जुनी प्रणाली हवी असलेल्या व्यावसायिकाने मुदतीपूर्वी १०-आयईए अर्ज भरणे अनिवार्य आहे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला दरवर्षी विवरणपत्रातच निवड करता येते. परतावा ज्या खात्यात यायचा, ते पोर्टलवर प्रमाणित असावे. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी झाली पाहिजे, तिच्यावाचून काम अपुरेच राहते.

मुदतवाढीच्या आशेवर राहणे परवडत नाही. २०२५मध्ये ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली, हे खरे. पण तशी वाढ दरवर्षी मिळेलच असे नाही. उशीर झाल्यास ५ हजारांपर्यंत शुल्क पडते आणि व्यवसायातला किंवा शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. ३१ डिसेंबरनंतर अद्ययावत विवरणपत्राने कर भरता येतो, परतावा मागता येत नाही.

वरच्या घरात आजी आणि एचयूएफ मिळून १,२६,५९० रुपये येणे निघाले, तर वडील आणि मुलगा यांचे मिळून १,०१,३०० रुपये देणे. हे येणेदेणे परस्पर वळते होत नाही, ज्याचे त्याला मागावे आणि भरावे लागते. म्हणून यंदा कागद काढताना घरातल्या प्रत्येकाला शेजारी बसवून त्याचे २६एएस त्याला दाखवावे. आजींना त्यांच्या साठ हजारांचा हिशेब कळणे, हा त्यांचा हक्क आहे.