ब्रॅकेट दातावर टिकतं कसं?

दातांवर ब्रॅकेट चिकटवून त्यांत तार बसवायची ठरली की मुलांपेक्षा पालकच जास्त धास्तावतात. ही भीती बहुतेक वेळा ऐकीव माहितीतून येते, म्हणून खरं काय ते पाहू.

गैरसमज: ब्रॅकेट बसवायला दात कोरतात.
वस्तुस्थिती: ड्रिल लागतच नाही. दात स्वच्छ करून त्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात. धुऊन कोरडा केलेला दात खडूसारखा पांढरट दिसतो, कारण इनॅमलवर अतिसूक्ष्म छिद्रं तयार झालेली असतात. पातळ रेझिन त्या छिद्रांत उतरून घट्ट होतं आणि तिथेच अडकतं. ॲसिडची ही युक्ती अमेरिकेतील मायकल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. त्यापूर्वी तारेसाठी दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे.

गैरसमज: ॲसिडने दात कायमचा कमजोर होतो.
वस्तुस्थिती: ॲसिडचा परिणाम मिलिमीटरच्या काही शतांश भागापुरताच असतो. त्यातली बरीच छिद्रं रेझिनने भरतात. ब्रॅकेटभोवती उघड्या राहिलेल्या जागेत लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट हळूहळू परत बसतं.

गैरसमज: ब्रॅकेट चिकटवणारं सिमेंट निळ्या दिव्याच्या उष्णतेने वाळतं.
वस्तुस्थिती: हे काम उष्णतेचं नाही, प्रकाशाचं आहे. निळा प्रकाश पडताच सिमेंटमधले रेणू एकमेकांना जोडले जातात. त्याआधी दाताला लाळ लागली तर छिद्रं बुजतात आणि जोड कच्चा राहतो. म्हणूनच गालात कापूस ठेवून तोंड उघडं ठेवायला सांगतात.

गैरसमज: जोड जितका पक्का तितका चांगला.
वस्तुस्थिती: जोड बेताचाच हवा. साधारण ६ ते ८ मेगापास्कल ताकद उपचाराला पुरेशी मानतात. उपचार संपल्यावर डॉक्टर पकडीने ब्रॅकेट दाबतात, तेव्हा ते सहसा सिमेंटपासून सुटतं. सिमेंट दातावरच राहतं आणि नंतर हलक्या हाताने घासून काढतात. जोड फार पक्का असेल तर त्याच वेळी इनॅमलचा टवका उडण्याचा धोका असतो.

गैरसमज: तार काढल्यावर दिसणारे पांढरे डाग सिमेंटचे असतात.
वस्तुस्थिती: बहुतेक डाग ब्रॅकेटभोवती साचलेल्या किटणामुळे पडतात. त्यातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दिवसेंदिवस इनॅमल झिजवतं. डॉक्टरांचं ॲसिड अर्ध्या मिनिटात धुतलं जातं, जिवाणूंचं आम्ल मात्र महिनोन्‌महिने तिथे बनत राहतं. म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रॅकेटच्या वरून आणि खालून ब्रश फिरवा, फ्लोराइडची पेस्ट वापरा. ब्रॅकेट सुटू नये म्हणून चिक्की आणि ऊस उपचार संपेपर्यंत टाळा. ब्रॅकेट सुटलंच तर घरी चिकटवत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.