आपली आशाताई काम सोडते तेव्हा



आम्ही एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या आशा, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राच्या नर्सबाई. आमच्यातली एक आशाताई या महिन्यात काम सोडते आहे. तिचं वय झालं, गुडघे दुखतात, वस्तीवरची चढण आता झेपत नाही. अशा वेळी गावात शाल-नारळ देतात, दोन भाषणं होतात, चहा होतो आणि सगळे घरी जातात. सत्कार हवाच. पण शाल-नारळापलीकडे गावानं करायच्या बऱ्याच गोष्टी आहेत. त्या आज सांगतो.

आधी आशा म्हणजे कोण, ते पाहू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून आशा आली. साधारण हजार लोकवस्तीला एक आशा. डोंगराळ आणि आदिवासी भागात पाड्यावस्त्या लांब लांब असतात, म्हणून तिथं कमी लोकसंख्येलाही एक आशा मिळते. गावातलीच बाई आरोग्याचं काम करू शकते, हे आपल्या महाराष्ट्रानं त्याच्याही आधी दाखवून दिलं होतं. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायांना शिकवून तयार केलं. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांच्या हातून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. आज आशा बाळाच्या घरी जाते, त्यामागं हे काम आहे.

आता ती करते काय? दवाखान्यात बाळंतपण झालं, तर बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. म्हणजे सहा भेटी. घरी बाळंतपण झालं, तर पहिल्याच दिवशीची एक भेट वाढते. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, बेंबी बघते. बाळ अंगावर नीट पीत नाही, अंग गार पडलंय, छाती आत ओढली जातेय, हे तिला लवकर कळतं. ‘दृष्ट लागली असेल’ म्हणून घरातले थांबतात, तेव्हा ती गाडीला फोन लावते. शिवाय गरोदर बाईची नोंदणी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट, क्षयरोग्याच्या गोळ्या, कुटुंब नियोजनाची गोष्ट. हे सगळं तिच्या एका पिशवीत आणि एका डायरीत असतं.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा मोठा पुरस्कार देऊन गौरव केला. देशभरात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत, तो मान त्या सगळ्यांचा. म्हणजे आपल्या ताईचाही.

आता मुख्य गोष्ट. आशा काम सोडते आणि नवी येते, यामधले दिवस धोक्याचे असतात. समजा, एका बाळाची सातव्या दिवसाची भेट त्यातच राहिली. एका क्षयरोग्याला बरं वाटायला लागलं आणि गोळ्यांची आठवण करणारं कुणी नाही, म्हणून त्यानं त्या मध्येच सोडल्या. गोळ्या अर्धवट सोडल्या की आजार उलटतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. नवव्या महिन्यातली बाई, आधीचं बाळंतपण ऑपरेशननं झालेली. तिला कधी आणि कुठं न्यायचं, हे ताईला तोंडपाठ होतं. ते दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल तर?

म्हणून निरोप समारंभाच्या आधी चार कामं करा.

पहिलं, नवी आशा वेळेत निवडा. ती त्याच गावात राहणारी हवी. म्हणूनच लग्न झालेल्या, विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला पसंती असते; पोरगी उद्या लग्न होऊन सासरी जाते. वय पंचवीस ते पंचेचाळीस आणि दहावीपर्यंत शिकलेलीला पसंती. ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा बायांनी घरी बसू नये. कुणाच्या नात्यातली आहे, हे बघू नका. दलित वस्तीत, पारध्यांच्या पालावर, सगळ्यांच्या दारात जाईल का, ते बघा.

दुसरं, जुन्या ताईनं नवीला बरोबर घेऊन घरोघर जावं. डायरीत नाव असतं, पण कुठल्या घरी सासूशी आधी बोलावं लागतं, कुठल्या घरी नवरा दारू पितो म्हणून सकाळीच जावं, हे डायरीत नसतं.

तिसरं, जोखमीच्या घरांची यादी नर्सबाईंच्या समोर हातात द्यावी. गरोदर बाया, बेचाळीस दिवसांच्या आतली बाळं, कमी वजनाची मुलं, गोळ्या चालू असलेले रोगी. मात्र कुणाचा आजार काय, हे चावडीवर बोलायचं नाही. ताईनं वर्षानुवर्षं गावाची गुपितं पोटात ठेवली. नवीनंही ठेवावीत आणि गावानं तिला खोदून विचारू नये.

चौथं, ताईच्या हक्काचे पैसे. आशाला पगार नसतो, कामाप्रमाणे मोबदला असतो; निवृत्तीवेतनही नाही. पण दहा वर्षं काम करून सोडणाऱ्या आशेला केंद्राकडून एकरकमी सन्मान रक्कम आहे. आधी ती २० हजार होती, २०२५ मध्ये ५० हजार केली. त्यासाठीचे कागद आणि थकलेला मोबदला यांची चौकशी काम सोडण्याआधीच गटप्रवर्तक आणि आरोग्य केंद्राकडे करा. ताई एकटी खेटे घालणार नाही, गटातल्या दोघी बरोबर जातील, असं ठरवा.

मग खुशाल समारंभ करा. ‘ताई फार चांगल्या होत्या’ एवढं बोलून बसू नका. जे घडलं ते सांगा. ‘माझ्या सुनेच्या पायाला सूज होती, डोकं दुखत होतं, ताईनं त्याच दिवशी रक्तदाब तपासायला नेलं.’ असं एक वाक्य ऐकलं, की समोरच्या पोरीही शिकतात, गरोदरपणात सूज आणि डोकेदुखी अंगावर काढायची नसते.

आणखी एक. पुष्कळ आशा विधवा आहेत. ओटी भरताना, हळदीकुंकू लावताना हात आखडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जिनं गावातल्या एवढ्या बाळंतिणी सांभाळल्या, तिची ओटी भरायला आपल्याला ठराव कशाला लागतो?

आम्हाला तिची उणीव भासेल. लसीकरणाच्या दिवशी डबे एकत्र सोडायचो, अहवालाच्या बेरजा ती आम्हाला शिकवायची, रात्री बाळंतिणीबरोबर गाडीत कुणी जायचं म्हटलं की तिचं नाव आधी यायचं. तिनं आता स्वतःच्या गुडघ्यांना औषध घ्यावं, आम्ही घरी येऊन विचारू.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या आशाताईला किती वर्षं झाली आणि तिचं कुठलं काम आपण वाटून घेऊ शकतो? ती अजून कामावर असेल, तर आभार मानायला ती जायची वाट बघू नका.